शून्य, अकरा, दोन

हौसाबाईला वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आईचं नाव मिळालं, तेही टपालानं. मोरवडच्या 'वंशवेल' कार्यालयाचं पत्र होतं. आपल्या मातोश्रींचे नाव लक्ष्मीबाई, शक्यता एक्क्याऐंशी टक्के, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, नंतर नोंद कायम होईल.

हौसाबाई शेंगा फोडत बसली होती. तिच्या लेकीनं, वैजयंतानं, पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"एक्क्याऐंशी टक्के म्हंजे?"

"म्हणजे शंभरातल्या एक्क्याऐंशी वेळा हे बरोबर असेल."

"आन् राहिलेल्या एकोणीस वेळा माझी आई कोण?"

एकतीस वर्षं तालुक्याच्या अभिलेख कक्षात काढून वैजयंता तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. खोऱ्यातल्या कुणाचाही पणजा ती कपाटातून काढून द्यायची. फक्त स्वतःच्या आजीचं नाव तिला कुठल्याच कपाटात सापडलं नव्हतं.

हौसाबाईची आई गेली ती हौसाच्या बारशाच्या दिवशी. पोरीला नाव मिळालं आणि आईचं पुसलं गेलं. सहा महिन्यांत घरात दुसरी आली, आणि मग पहिलीचा विषय निघालाच तर 'थोरली' एवढंच म्हणत. पोरगी विचारायची, तेव्हा आत्या गप्प बसवायची, "गेल्या माणसाचं नाव काय काढायचं." अशी माणसं असतात. जिवंतपणी बाईला नावानं हाक मारायची नाही आणि मेल्यावर तर नाहीच नाही.

आता हे वंशवेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. शंभर वर्षांच्या मतदारयाद्या, जन्ममृत्यूची दप्तरं, शाळेचे दाखले, सातबारे, सगळं सरकारनं एका यंत्राला वाचायला दिलं. यंत्रानं त्यातून घराघराची वेल जोडली. जिथं कागद फाटलेला, तिथं ते तसल्याच हजारो घरांकडे बघतं आणि तिथं बहुतेक काय असेल ते भरून टाकतं. याला पूरक नोंद म्हणतात. २०४३ साली काळगंगा खोऱ्याचं पाणी वाटून देणारी पाणीसभा झाली आणि ठरलं की ज्या घराण्याची पाच पिढ्यांची साखळी अखंड, त्यालाच सभेत खुर्ची. तेव्हापासून या पूरक नोंदींना सोन्याचा भाव आला. भोक बुजलं की झालं, कशानं बुजलं याची चौकशी कोण करतो?

वैजयंतानं दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मूळ पान मागितलं. १९५१ची मतदारयादी, गाव दाभोशी. पहिल्या निवडणुकीची ती यादी. तेव्हा कितीतरी बायकांनी आपलं नाव परक्या पुरुषाला सांगितलं नाही. मग यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहिलं गेलं. वरून हुकूम आला की नाव नसेल तर मत नाही, आणि त्या ओळींवर तांबडी रेघ बसली. 'दौलतराव निकम यांची बायको, वय २१' या हौसाबाईच्या आईच्या ओळीवरही होती. रेघेच्या शेजारी शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, तीन आकडे: शून्य, अकरा, दोन.

खोऱ्याच्या यादीत अशा रेघा मारलेल्या बायका तीनशे बारा. प्रत्येकीशेजारी तीन आकडे. सतरा, एक्केचाळीस, तीन. सहा, नऊ, एक. यंत्राचं म्हणणं, आकडे रेघेला लागून आहेत म्हणजे ही नाव कमी करण्याची कारणं असणार, त्यात वाचण्यासारखं काही नाही. थोरल्या सुनेचं नाव लग्नात बदलून लक्ष्मी ठेवायची त्या भागातली पद्धत, एवढं यंत्राला ठाऊक होतं. तेवढ्यावर एकशे सत्तर जणी एका झटक्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या.

"तीनशे बारा कारणं?" वैजयंता तिथल्या तरुण कारकुनाला म्हणाली. "अहो, सरकारकडे माणूस कमी करायची कारणं चार. मेला, गेला, वेडा, दुबार. मी जन्मभर तेच लिहिलंय."

कारकून म्हणाला, "मावशी, यंत्र चुकत नाही."

"चुकत नसतं तर टक्के कशाला सांगितले असते त्यानं?"

गुपित फुटलं ते आरोग्यकेंद्रात. हौसाबाईचे डोळे दाखवायला नेलं होतं. बाकावर शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. दोघींची ओळख ना पाळख.

"कुठली गं तू?" हौसाबाईनं विचारलं.

"नांदखेडची."

"कुणाच्या घरची?"

"चावडीमागल्या कदमांची."

"कितवी?"

"चौथी."

"मंग तुझी थोरली बहीण आमच्या चुलत जावंच्या भावाला दिलेली." आणि दोघी अशा बोलायला लागल्या की जशा एकाच पाळण्यात वाढल्या.

वैजयंता फोनवरचं पान बघत होती. तिची बोटं थांबली. कुठली, कुणाच्या घरची, कितवी. तीन प्रश्न, तीन आकडे. या खोऱ्यातली कुठलीही जुनी बाई दुसरीला नाव विचारत नाही. नाव काय, सासरचे बदलून टाकतात. माहेरचं गाव, घर आणि कितवी लेक, एवढं मात्र कुणाला बदलता येत नाही. तिला हे लहानपणापासून पाठ होतं आणि तरी सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

यादी करायला आले होते लोहार गुरुजी, दाभोशीच्या शाळेचे मास्तर, इथलेच. बायका नाव सांगेनात, तेव्हा त्यांनी बायकांच्याच रीतीनं विचारलं असणार. सतरा, एक्केचाळीस, तीन. तालुक्याच्या गावयादीतलं सतरावं गाव, त्यातलं एक्केचाळिसावं घर, तिथली तिसरी लेक. माहेरी जायचं, बापाला-भावाला विचारायचं, ते नाव बेधडक सांगतील, मग यादीत भरायचं, असा बेत असावा. मुदत संपली, वरून रेघ आली, आणि पेन्सिलीचे आकडे पंचाण्णव वर्षं तसेच राहिले.

वैजयंतानं चार दिवस कपाटं उलथी केली. आकडे सांगतील त्या घरांत खरोखरच तेवढ्या मुली होत्या. सहा-नऊ-एकच्या माहेरी माळ्यावरच्या जुन्या तांब्याच्या घंगाळावर नाव कोरलेलं निघालं: तान्हूबाई. यंत्राची लक्ष्मीबाई ती हीच.

पण शून्य नंबरचं गाव तालुक्यात नव्हतं.

ते तिला यादीच्या शेवटच्या पानावर सापडलं. गुरुजी जिद्दीचे. रस्त्याचं काम करायला आलेली माणसंसुद्धा त्यांनी मोजली होती. त्यांना गाव नव्हतं, म्हणून गावाच्या जागी शून्य. घर नव्हतं, म्हणून घराच्या जागी रस्त्याकडेच्या दगडावरचा आकडा. 'मैल अकरा, पाल, दगडफोडे,' आणि खाली तीन पुरुषांची नावं, सगळे धोत्रे.

वैजयंतानं ते पान पुन्हा वाचलं. तिची आजी, निकम पाटलांची थोरली सून, वडारांच्या पालातून आली होती. अकराव्या मैलावरची दुसरी लेक.

तिनं हे आईला सांगितलं. हौसाबाई म्हणाली, "म्हणून नाव काढू देत नव्हती व्हय रांडेची," आणि आत्याला, मरून चाळीस वर्षं झालेल्या, मनसोक्त शिव्या घातल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "नाव काय तिचं?"

"ते अजून नाही कळलं."

"मंग बसलीस काय? ऊठ."

हरकतीचा अर्ज गेला तसा तिसऱ्याच दिवशी जयसिंगराव निकम आले. जयसिंगराव म्हणजे हौसाबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा, वैजयंताचा मामेभाऊ. वैजयंता एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा यानंच खटपट करून तिला अभिलेख कक्षात चिकटवलं होतं. दोघी मायलेकी राहत होत्या त्या दोन खोल्याही निकमांच्या आवारातल्या. पाणीसभेचा अध्यक्ष व्हायला आता त्याला फक्त अखंड साखळीचा दाखला हवा होता.

"वैजू, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," तो चहा घेता घेता म्हणाला.

"आपण कुठं ऋषी लागून गेलो, दादा."

"थट्टा नको. माहेरचं गाव शून्य असलेली बाई यंत्राच्या साखळीत बसत नाही. तिथंच तुटते. लक्ष्मीबाई आहे ते असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"ती लक्ष्मीबाई नव्हती."

"असेलही. लग्नात ठेवलं असेल नाव. आणि नसली तरी, मेलीय ती. अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली. मी जिवंत आहे." त्यानं कप खाली ठेवला. "तुला कधी काही कमी पडू दिलं मी? दिवाळीला ओवाळणी चुकवली? सुनावणीत अर्ज मागं घे. नाहीतर घरातली माणसं या खोल्यांचा विषय काढतील, मला थांबवता येणार नाही."

हा माणूस वाईट नव्हता, हेच वाईट होतं. त्याचे उपकार खरे होते, माया खरी होती आणि धमकीही खरी होती. तिनं मान खाली घातली. 'बघते' असं म्हणणारच होती.

तेवढ्यात आतून हौसाबाई भिंतीला धरत बाहेर आली. "जयसिंगा, रस्ता कुणी केला रं दाभोशीचा?"

"कुठला, आत्या?"

"तुझी गाडी येती त्यो. माझ्या आईच्या मानसांनी खडी फोडली त्याची. त्यांच्या रस्त्यावरनं आलेलं चालतं, त्यांची पोर चालत न्हाई?"

जयसिंगराव उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "सुनावणीला मी असणार आहे, वैजू." तिनं बघते म्हटलं नाही.

आकडे कळले म्हणून नाव कळत नाही, आणि नुसत्या तर्कावर सुनावणी जिंकत नाही. पुरावा लागणार होता रक्ताचा. आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. या भट्ट्यांची स्वतःची एक छोटी जनुकांची पोथी असते, आणि ती फक्त आईकडून येते. बापाची त्यात एक ओळ नसते. आई ती लेकालाही देते आणि लेकीलाही, पण पुढं जाते ती लेकीकडूनच. शेकडो वर्षांत एखादं अक्षर बदललं तर बदललं. म्हणजे कागदावर बाईला कुणीही पुसो, लेकीच्या लेकीच्या लेकीत ती पोथी जशीच्या तशी असते. पुरुषांच्या नावांवर उभ्या केलेल्या वंशवेलीनं ही पोथी कधी उघडली नव्हती, कारण तिच्यात आडनाव नसतं.

आरोग्यकेंद्रात ही तपासणी आता तासाभरात होते. तेवढ्यानं कोण किती जवळचं ते कळत नाही, आईकडचा धागा एक की वेगळा एवढंच कळतं. म्हणून वैजयंतानं आधी आकड्यांची परीक्षा घेतली. ज्यांच्या आईकडच्या आज्यांवर रेघ होती अशा चाळीस घरांत ती फिरली. आकड्यांनी दाखवलेल्या माहेरी गेली, तिथल्या बहिणींच्या लेकी-नाती शोधल्या, दोन्हीकडच्यांच्या परवानगीनं लाळेचे नमुने दिले. चाळीसपैकी अडतीस धागे जुळले. दोन ठिकाणी जुळले नाहीत, तिथं म्हाताऱ्यांनी खाली बघितलं आणि विषय बदलला. वैजयंतानंही पुढं विचारलं नाही.

गाठ उरली अकराव्या मैलाची. धोत्रे मंडळी रस्ता संपल्यावर पाल उचलून गेलेली. तिनं आईचा धागा राज्याच्या खुल्या साठ्यात ठेवला, जिथं हरवलेले नातेवाईक शोधणारी माणसं आपापले धागे ठेवतात. नवव्या दिवशी सोलापुरातून फोन आला.

"मी रेणुका बोलते, माझ्या आईची आई धोत्र्यांची. तुमचा आणि माझा धागा एक निघालाय म्हणे. तुम्ही कोण?"

वैजयंतानं विचारलं, "तुमच्या आजीला बहिणी किती होत्या?"

"तिघी. आजी थोरली."

"दुसरी कोण?"

रेणुका म्हणाली, "नागम्मा. तुमच्या तिकडं रस्त्याच्या कामावर असताना पाटलाच्या पोरानं मागणी घालून नेली. पाल उठलं, ती मागं राहिली. परत भेट नाही. आजी दर साली मरीआईची ओटी भरताना एक खण जास्त ठेवायची. कुणाचा म्हणून विचारलं की म्हणायची, दुसरीचा."

वैजयंतानं फोन आईच्या कानाला लावला. "पुन्हा सांगा," ती म्हणाली, "नाव फक्त."

हौसाबाईनं ते ऐकलं. तिनं ते एकदा तोंडात घोळवलं, मग मोठ्यानं म्हटलं, मग शेजारच्या खोलीत जाऊन एकटीनंच म्हटलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई लहान पोरीसारखी रडली, आणि वैजयंतानं तिला रडू दिलं.

सुनावणीला रेणुका स्वतः आली. बहात्तर वर्षांची, रुंद खांद्यांची, जन्मभर खाणीत पोकलेन चालवलेली. येताना एक हिरवा खण घेऊन आली होती. हौसाबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कितवी?" रेणुका म्हणाली, "तिसरी." एवढ्यावर दोघींचं जमलं.

सुनावणी अधिकारी होत्या नसीम तांबोळी. चाळिशीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पान पाहिलं, आकडे पाहिले, अडतीस जुळलेले धागे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वैजयंताबाई, हे तुम्ही एकटीनं केलं?"

"लोहार गुरुजींनी केलं. मी वाचलं."

समोरच्या खुर्चीत जयसिंगराव बसला होता, सोबत वकील. वकील म्हणाले, "मॅडम, सासरी ठेवलेलं नाव लक्ष्मीबाई असण्याची शक्यता कुणी नाकारलेली नाही. माहेरचं नाव घरगुती मानावं. दोन्ही बाजूंचं काम होईल."

तांबोळींनी मायलेकींकडे बघितलं. "कायद्यानं ते शक्य आहे. लक्ष्मीबाई कायम ठेवलं तर साखळी अखंड राहते. नागम्मा लिहिलं तर गाव शून्य म्हणून यंत्र ती तोडेल. निकमांचा दाखला जाईल, आणि त्याच साखळीवर तुमचा खोऱ्यातला रहिवासाचा हक्कही आहे, तोही अडकेल. यंत्राचा नियम मला बदलता येत नाही. बदला म्हणून वर लिहिता येतं, ते मी लिहिणार आहे. पण आज तरी असं आहे. विचार करून सांगा."

जयसिंगराव वैजयंताकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. तिला ते दिवस आठवले, नवरा गेल्यावरचे, हा रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचा ते.

"दादा, तुझं मी काही विसरले नाही," ती म्हणाली. "पण तुझी आजी तीच आहे. तू विसरलास म्हणून मी कशी विसरू? मॅडम, अर्ज मागं नाही. आणि माझा एकटीचा नाही हा. बाहेर व्हरांड्यात बायका बसल्यात, तीनशे बारांपैकी दोनशे घरच्या. सगळ्यांचे आकडे मी वाचून दिलेत. एक लक्ष्मीबाई पुसायची असेल तर सगळ्या पुसा."

तांबोळींनी चष्मा चढवला आणि यंत्राचा ध्वनिग्राहक हौसाबाईच्या पुढं सरकवला. "आजी, नोंद तुमच्या तोंडून व्हायला हवी. तुमचं नाव?"

हौसाबाई रेणुकाचा हात धरून उभी राहिली. "हौसा."

"कुणाच्या कोण?"

खोऱ्यात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, बापाचं नाही तर नवऱ्याचं. हौसाबाई म्हणाली, "नागम्माची लेक."

"नागम्मा कुठली?"

"अकराव्या मैलाची."

"कुणाच्या घरची?"

"घर न्हवतं. पाल व्हतं. धोत्र्यांचं."

पुढचा प्रश्न तांबोळींच्या अर्जात नव्हता. तो त्यांनी आपल्या मनानं विचारला.

"कितवी?"

"दुसरी," हौसाबाई म्हणाली. "थोरली बहीण दर साली तिचा खण ठेवायची. ह्यो बघा."

तिनं हिरवा खण टेबलावर ठेवला. यंत्रानं ऐकून घेतलं. पडद्यावर दौलतराव निकमांच्या शेजारची लक्ष्मीबाई पुसली गेली आणि नागम्मा उमटली. पाठोपाठ खाली तांबड्या अक्षरांत एक ओळ आली. जयसिंगराव उठून बाहेर गेला.

हौसाबाईला अक्षरं दिसत नव्हती, रंग तेवढा दिसला. "काय लिव्हलंय गं तांबडं?"

"साखळी तुटली म्हणतंय, आई."

"तुटू दे." हौसाबाईनं खण उचलून छातीशी धरला. "आमच्यात फोडायचंच काम असतं."

तांबोळींनी शिपायाला खूण केली, आणि त्यानं व्हरांड्यातल्या पहिल्या बाईला हाक मारली.